लफडं, खून आणि जालन्याचा मे महिना: सिरीज लिहिणाऱ्याला एका फौजदारी वकिलाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. निलंग्याकडचा एक तरुण निओ-नॉयर वेब सिरीज लिहायलाय, म्हणजे गुन्हा, लालच न संशय यांची काळोखी गोष्ट. जालन्यातला सळई कंपनीचा मालक, वय पंचावन्न, पहिली बायको वारल्यावर केलेली दुसरी बायको पस्तिशीतली, आणि कंपनीतला अकाउंटंट. बाईचं न अकाउंटंटचं जुळतं, दोघं मिळून मे महिन्यातल्या एका रात्री मालकाला शेतातल्या विहिरीत ढकलतात आणि पाय घसरून बुडाला म्हणून सांगतात, मग एक हुशार पीआय येतो आणि शेवटच्या एपिसोडला एका क्लूवरून दोघांना उचलतो. त्याचं विचारणं असं की पोलिस खरंच असं पकडतात का, कोर्टात हे टिकेल का, आणि आपल्याकडं नॉयर शोभतं का, कारण इथं ना पाऊस ना निऑनच्या पाट्या.

मी फौजदारी वकील आहे, जालना, बीड, संभाजीनगरच्या सेशन कोर्टांत बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं उभा राहतो. "अनैतिक संबंधातून खून" अशी एक छापील ओळ पेपरात येते ना, त्या ओळीमागचे कागद आमच्या टेबलावर येतात. म्हणून जरा लांबड लावून सांगतो.

भाऊ, आधी ती विहीर. मे महिन्यात जालन्यात विहिरीत माणूस बुडवायला पाणी कुठून आणायलात? गाळ आणि मोटारीचा पाईप दिसतो खाली, चांगल्या विहिरीला लई झालं तर गुडघाभर पाणी. तसल्या विहिरीत माणूस पडला तर बुडून मरत नाही, खाली आपटून मरतो, आणि पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, करणाऱ्या डॉक्टरला डोक्याची जखम पडल्यामुळं झाली का आधीच कुणी मारलेली होती, हे बघायला आयतं मोकळं सापडतं. एक तर गोष्ट सप्टेंबरात न्या, नाहीतर ही चूक तशीच ठेवा आणि तीच कामाला लावा. अकाउंटंट शहरातला, शेताला आयुष्यात दोनदा गेलेला, त्याला विहीर म्हणजे पाणीच वाटतं. आणि बाई शेतकऱ्याच्या घरातली, तिला माहितीये की विहिरीला पाणी नाही, पण ती बोलत नाही. का बोलत नाही? बघा, इथंच तुम्हाला क्लूवाल्या पीआयपेक्षा भारी गोष्ट मिळाली.

आपल्याकडं खून लपवायच्या ठरलेल्या गोष्टी आहेत. विहिरीत पडला, फवारणी करताना औषध चढलं, मोटार चालू करताना शॉक लागला, साप चावला. सापाचं तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण आहे, त्रिमुख किरकण केस, २००६ ची. सासरच्यांनी सून साप चावून गेली म्हणून माहेरी कळवलं आणि पीएममध्ये गळा आवळल्याचं निघालं. कोर्ट म्हणलं की घराच्या चार भिंतींत काय घडलं हे आतल्यांनाच माहीत असतं, तेव्हा त्यांनी नीट खुलासा द्यायला पाहिजे, आणि खोटा खुलासा दिला तर तो त्यांच्याच विरोधातल्या साखळीची एक कडी होतो. तुमच्या बाईला हे लागू पडतं, रात्री साडेअकराला नवरा शेतात कशाला गेला हे तिलाच सांगावं लागणार.

आता पोलिस. सुरुवातीला खून असा शब्दच नसतो. आधी ए.डी. दाखल होते, अकस्मात मृत्यू. ठाण्यातला हवालदार येतो, इन्क्वेस्ट, म्हणजे बॉडीचा पंचनामा होतो, बॉडी सिव्हिलला जाते. पहिले दोन दिवस कुणालाच काही वाटत नाही. संशय कोण घेतं माहितीये का? हुशार पीआय नाही. मयताचा भाऊ. नाहीतर पहिल्या बायकोचा पोरगा. मातीला आलेली माणसं बघत असतात की वहिनी कशी रडली, किती रडली, मोबाइल कुणाकडं दिला, राख सावडायच्या दिवशी अकाउंटंट आला तेव्हा तिनं मान वर केली का नाही. बाई कमी रडली तरी संशय आणि जास्त रडली तरी संशय, हे मी कितीदा जबाबांत वाचलंय. मग भाऊ नाहीतर पोरगा अर्ज देतो, एलसीबीची, म्हणजे जिल्ह्याच्या गुन्हे शाखेची माणसं साध्या कपड्यांत फिरायला लागतात, आणि ए.डी. चा गुन्हा होतो. १ जुलै २०२४ च्या नंतरची घटना असेल तर भारतीय न्याय संहिता कलम १०३, त्याच्या आधीची असेल तर जुनं ३०२. स्क्रिप्टमध्ये वर्ष ठरवा आणि त्याप्रमाणे संवाद लिहा, नाहीतर आमच्यासारखे लोक पहिल्या एपिसोडलाच हसतील. तसं ठाण्यात अजूनही सगळे "तीनशे दोन"च म्हणतात, ते चालेल, कागदावर मात्र नको.

मग येतो सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडचं कॉलचं रेकॉर्ड. सिनेमात पडद्यावर नकाशा दाखवतात आणि त्याच्यावर लाल ठिपका पळतो, तसलं काही नसतं. एक्सेलचं शीट असतं, कंटाळवाणं, कुणी कुणाला किती वाजता किती सेकंद फोन केला आणि कोणत्या टॉवरवरून, बस. बोलले काय ते त्यात नसतं. एलसीबीचा एखादा जुना हवालदार ते शीट प्रिंट काढून फूटपट्टी घेऊन बसतो, एकेक ओळ खाली सरकवत, आणि पेन्सिलीनं खुणा करतो. तो काय शोधतो? रोज रात्री होणारा फोन ज्या दिवशी झालाच नाही तो दिवस. सहा महिने रोज रात्री बोलणारे दोन नंबर घटनेच्या रात्री दहा ते दोन एकाच वेळी बंद, आणि दुसऱ्या दिवसापासून एकमेकांना एकही कॉल नाही. माणसाला वाटतं की फोन बंद केला म्हणजे पुरावा पुसला. व्हॉट्सअ‍ॅप कॉल सीडीआरमध्ये येत नाही हे आता शेंबड्या पोराला माहीत झालंय, म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण इकडं डिलीट केलेलं चॅट तिकडच्या मोबाइलात असू शकतं हे विसरतात. तुमच्या बाईनं सगळं पुसलंय आणि अकाउंटंटनं स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, पुढंमागं कामाला येतील म्हणून, असं करा. धंद्यानं अकाउंटंट आहे तो, पावती ठेवणारच.

रस्त्याचाही विचार करा. जालन्याजवळ समृद्धीचा इंटरचेंज आहे. तुमचा हिरो खुनाच्या रात्री मी नागपूरला होतो असं सांगणार असेल तर गाडी आत कधी शिरली न बाहेर कधी पडली हे फास्टॅगमध्ये येतं. पेट्रोल पंपाचा कॅमेरा असतो. फक्त पंपावरचं, दुकानातलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवं चढतं, त्यामुळं पोलिसांना उशीर झाला की गेलं. भावानं अर्ज द्यायला जे आठ-पंधरा दिवस घालवले ते इथं नडतात, हे आमच्यासारख्या बचावाच्या वकिलांना आवडतं, खरं सांगायचं तर.

आणि रेकॉर्डिंग मिळालं तरी भागत नाही, त्याच्यासोबत सर्टिफिकेट लागतं, ही कॉपी कोणत्या उपकरणातून कशी काढली हे सांगणारं. हा विषय कोरडा वाटेल पण तुमच्या सिरीजला उपयोगी आहे, कारण याच्यावरचा सुप्रीम कोर्टाचा सगळ्यात मोठा निकाल जालन्याचाच आहे. २०१४ ला विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले की उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतला, आणि भांडण येऊन थांबलं निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, कॉपी आणणार असाल तर सर्टिफिकेट पाहिजेच. आता नवीन साक्ष अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. आज देशातल्या कुठल्याही खून खटल्यात सीडी, पेनड्राइव्ह, सीसीटीव्ही आला की वकील लोक हा जालन्याचा निकाल काढतात. तुमच्या बचावाच्या वकिलाच्या तोंडी "साहेब, हा तर आपल्या गावचाच निकाल आहे" असं एक वाक्य द्या, जालन्यातले प्रेक्षक शिट्ट्या मारतील.

आता कोर्टात टिकेल का. प्रेमसंबंध सिद्ध झाले म्हणजे खून सिद्ध झाला असं नसतं, हे आधी डोक्यात घ्या. व्यभिचाराचं ४९७ सुप्रीम कोर्टानं २७ सप्टेंबर २०१८ ला रद्दच केलं, आणि ते होतं तेव्हाही त्यात बाईला शिक्षा नव्हती. म्हणजे लफडं हा गुन्हा नाही, लफडं हा हेतू आहे, आणि नुसत्या हेतूवर शिक्षा होत नाही. डोळ्यांनी बघणारा साक्षीदार नसला की सगळं परिस्थितीजन्य पुराव्यावर येतं, आणि तिथं अख्ख्या देशात जो निकाल वाचला जातो त्याची एक दोरी बीडला बांधलेली आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १९८४. लग्नाला चार महिने झालेली मुलगी १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात सासरी सायनाइडनं गेली. नवऱ्याचे दुसरीकडं संबंध होते आणि त्यानंच विष दिलं असा आरोप. तिनं बीडला बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं हा सरकारी पक्षाचा मोठा आधार होता. सेशन कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं कायम केली. सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं. आणि का सोडलं, तर त्याच पत्रांतून मुलगी किती हळवी न किती खचलेली होती हेही दिसत होतं, तिनं स्वतःच जीव दिला असेल ही शक्यता पुसली जात नव्हती. तिथंच कोर्टानं पाच कसोट्या घालून दिल्या, त्याला वकील लोक पंचशील म्हणतात. सगळ्याचा अर्क एवढाच की प्रत्येक कडी पक्की पाहिजे, साखळी पूर्ण पाहिजे, आणि त्या साखळीतून आरोपी दोषी आहे याशिवाय दुसरं काही निघता कामा नये.

लिहिणाऱ्यानं याच्यातून घ्यायचं ते हे की एकच कागद दोन्हीकडून बोलतो. तुमचा तो शेवटचा जबरदस्त क्लू आहे ना, तो काढून टाका. त्याच्याऐवजी असा पुरावा ठेवा की जो सरकारी वकील वाचतो तेव्हा बाई खुनी वाटते आणि बचावाचा वकील वाचतो तेव्हा मालकानंच जीव दिला असं वाटतं. कंपनी तोट्यात आहे, बँकेच्या नोटिसा आहेत, मालक महिनाभर झोपलेला नाही. प्रेक्षकाला खून दिसलेला आहे आणि तरीपण तो कोर्टात बसून डगमगायला पाहिजे.

आता माझा मुख्य मुद्दा, बाकीचं विसरलात तरी चालेल. तुम्ही खून सातव्या एपिसोडला ठेवलाय. तो दुसऱ्याला आणा. असल्या प्रकरणात पोलिसांच्या हुशारीनं जेवढं फुटतं त्याच्यापेक्षा लई जास्त त्या दोघांच्या एकमेकांवरच्या संशयानं फुटतं, आणि आपला कायदा असा बसलेला आहे की तो संशय आपोआप वाढत जातो, कुणी मुद्दाम काही करायची गरज नाही.

कसं ते बघा. अटकेनंतर दोघांना एकाच गाडीतून मॅजिस्ट्रेटसमोर आणतात, पण वेगवेगळ्या बाकावर बसवतात, मधे महिला पोलिस. तोपर्यंत दोघंही धरून असतात. मग पुकारा होतो आणि बाईच्या वकिलासोबत दुसराच एक वकील उठतो, "आरोपी नंबर दोनतर्फे" म्हणतो आणि वकीलपत्र पुढं करतो. बाईला तिथं कळतं की त्यानं वेगळा वकील दिला. म्हणजे त्याच्या घरचे त्याला वेगळा काढायला निघाले. ती त्याच्याकडं बघते आणि तो पंख्याकडं बघतो. हा सीन मी खऱ्या कोर्टात बघितलेला आहे, याला बॅकग्राउंड म्युझिक नको.

पुढं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण त्या जबाबातून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून पोलिस कोठडीत सगळा जोर "काय कुठं टाकलं ते सांग" याच्यावर असतो, आणि दोघांना वेगवेगळं सांगतात की त्यानं सांगितलंय, तिनं सांगितलंय. मग जामीन. बाई आहे ही गोष्ट जामिनाच्या वेळी कायदा बघतो, खुनासारख्या गुन्ह्यातसुद्धा. मिळेलच असं नाही, पण तुमच्या गोष्टीत तिला मिळू द्या आणि त्याला हर्सूलच्या जेलात ठेवा. आता आत बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालत असेल? ती बाहेर कशी? तिनं काय बोलून सुटली? तिनं काहीच बोललेलं नाही, कायद्यानं सुटली, पण त्याला हे कुणी समजावून सांगायचं? बराकीतले लोक तर तेल ओततातच.

आणि मग चार्जशीट. खुनात ९० दिवसांत दाखल झाली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, त्यामुळं पोलिस शेवटच्या आठवड्यात जागून गठ्ठा तयार करतात. चार्जशीटची पूर्ण कॉपी प्रत्येक आरोपीला फुकट मिळते. लोकांना वाटतं त्यात काय विशेष. भाऊ, माझ्या मते असल्या गोष्टीतला सगळ्यात नॉयर क्षण हाच आहे. बाई घरी पलंगावर बसून त्या गठ्ठ्याची पानं उलटायलीय, जबाब, पंचनामे, नकाशे, आणि मग येतो अकाउंटंटच्या नंबरचा सीडीआर. हवालदारानं तिच्या नंबराला पेन्सिलीनं गोल केलेत, झेरॉक्समध्ये ते फिकट आलेत. पण तिला दिसतो तिसराच एक नंबर. रात्री बारा पाच, बारा चाळीस, एक दहा. तिच्याशी बोलून झाल्यावरचे सगळे. पोलिसांनी त्याला गोल केलेला नाही कारण त्यांना त्याचं काम नव्हतं. तिनं ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याची दुसरीकडंही तीच गोष्ट चालू होती, आणि हे तिला सरकारी कागदावर, शिक्क्यासकट, फुकट कळतं.

इथून पुढं कोण माफीचा साक्षीदार होणार, म्हणजे दुसऱ्याच्या विरोधात साक्ष देऊन स्वतः सुटणार, याची शर्यत लावा. माफीच्या साक्षीदाराला सगळं खरं सांगायच्या अटीवर माफी मिळते, पण त्याची साक्ष दुसऱ्या पुराव्यानं पक्की व्हावी लागते. आणि एक बारीक गोष्ट बहुतेक लिहिणाऱ्यांना माहीत नसते, ज्याचा जामीन आधी झालेला नाही तो माफीचा साक्षीदार झाला तरी खटला संपेपर्यंत आतच राहतो. म्हणजे अकाउंटंट फुटला तरी लगेच सुटत नाही, ज्या जेलात "फितूर" म्हणून सगळे ओळखतात तिथंच बसतो. बाई मात्र जामिनावर बाहेर आहे, ती फुटली तर बाहेरच राहणार. मग आधी कोणी अर्ज करायचा? हा हिशोब दोघंही आपापल्या जागी करायलेत आणि एकमेकांशी बोलता येत नाही. घ्या, तुमचे तीन एपिसोड.

पैशाचं पण लिहा, नुसत्या प्रेमावर नॉयर उभा राहत नाही. सळई कंपनीत पक्क्या बिलांसोबत कच्चं चालतं अशी तुमची कंपनी दाखवलीत तर अकाउंटंटला सगळं माहीत, मालकाचा जीव त्याच्या हातात. बाईला मालमत्ता पाहिजे. पण १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २५ आहे, खून करणाऱ्याला मयताची मालमत्ता वारशानं मिळत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेच जातं पहिल्या बायकोच्या पोराकडं, ज्यानं कदाचित अर्जही त्याच्यासाठीच केला असेल. पोराला साधा भोळा ठेवू नका.

आता शेवटचं, आपल्याकडं शोभतं का. पावसाचा आणि निऑनचा हट्ट सोडा. जालन्यात इंडक्शन फर्नेस आहेत, भंगार वितळवून सळई करतात, रात्रपाळीला त्या भट्टीचं तोंड उघडलं की माणसाचं अर्धं तोंड लाल आणि अर्धं काळं दिसतं, याच्यापेक्षा अजून काय लाईटिंग पाहिजे. आणि दिवसाचं ऊन वापरा. मे महिन्यात दुपारी दोनला आपल्या गावात रस्त्यावर कुत्रं नसतं, सगळी शटरं अर्धी खाली, डोळे उघडत नाहीत इतका उजेड. अंधारात लपणं सगळेच दाखवतात, आपल्याकडं लोक दुपारी भेटतात कारण तेव्हाच कुणी बघायला नसतं. दोघांची पहिली भेट रात्री नका दाखवू, दुपारी दाखवा, कूलरच्या आवाजात, पाण्याचा टँकर गल्लीत आलाय आणि सगळ्या बाया घागरी घेऊन तिकडं पळाल्यात, तेवढीच पंधरा मिनिटं. टँकरचा टाइम बदलला की भेटीचा टाइम बदलतो, आणि हे टँकरवाल्याच्या लक्षात येतं. साक्षीदार क्रमांक चार तोच.

आणि मालक-बायको-अकाउंटंट हे तुम्हाला जुनं वाटत असेल तर बीडकडं या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांच्या नावावर, दिवाळीच्या आसपास निघायचं, पाच-सहा महिने कारखान्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं, उचल फिटेपर्यंत सुटका नाही. बायको मुकादमाकडं गेली तर नवऱ्याचा कोयता मोडतो, पण अंगावरची उचल तशीच. तो भांडू शकत नाही, सोडून जाऊ शकत नाही, आणि ज्या माणसाचा खून करावा वाटतो त्याच्याच ट्रॅक्टरमागं रोज पहाटे मोळ्या बांधायच्या. याच्यावर कुणी नीट लिहिलं तर मी स्वतः तिकीट काढून बघायला येईन. फक्त त्या लोकांची गरिबी विकू नका, त्यांना डोकं असतं, हिशोब असतो, लबाडी पण असते, तीच दाखवा.

लिहायच्या आधी एक काम करा. सेशन कोर्टातला खटला बहुतेक वेळा उघडा असतो, कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतं, मोबाइल बंद ठेवायचा एवढंच. खुनाच्या केसमध्ये पंच किंवा तपासी अंमलदाराची उलटतपासणी ज्या दिवशी असेल त्या दिवशी जा, आरोपी पहिल्यांदा हजर करायच्या दिवशी नको, तेव्हा सगळा गोंधळ असतो. स्क्रिप्टमधला चार्जशीटचा सीन लिहून झाला की मला पाठवा, जबाबांची भाषा बघून देतो, कारण पोलिस जबाबात आरोपी कधीच "मी त्याला मारलं" असं सरळ म्हणत नाही, ते वाक्य ठाण्यातला रायटर लिहितो आणि ते लगेच ओळखू येतं.